बगळा काठाची दुसरी जोडी

१ जानेवारी १९७४

कल्याणच्या व्यापाऱ्याने ही डायरी दिली. पानापानावर तारीख छापलेली आहे. म्हणाला, "केसरीनाथशेठ, आता तुम्ही मोठे झालात, लिहीत जा काहीतरी." मी सातवीपर्यंत शिकलोय, अक्षर माझं चांगलं आहे. वाया कशाला घालवा?

तर लिहितो. राहणार कोन गाव, कारखाना भिवंडीत, सहा लूम. रोज सायकलने जातो-येतो. बाबा मिठागरावर राबले, त्यातून दोन जुने लूम घेतले. सत्तर साली गल्ली पेटली तेव्हा तेही जळाले. लूमचं लोखंड तरी उरलं, ते आम्ही घासूनपुसून पुन्हा उभं केलं. पण पत्ते उरले नाहीत.

पत्ते म्हणजे खेळायचे नव्हेत. लूमच्या माथ्यावर जेकार्ड नावाचं यंत्र असतं, त्यावर चढतात ते भोकं पाडलेले पुठ्ठे. एका पत्त्यात काठाची एक ओळ. जिथे भोक, तिथे ताण्याचा उभा धागा वर उचलायचा. जिथे नाही, तिथे खाली ठेवायचा. असे शेकडो पत्ते दोरीने एकापुढे एक ओवले की त्यांतून चित्र निघतं. बाबांचा कोयरीचा काठ होता, ठाण्यापर्यंत नाव होतं. पत्त्यांबरोबर तो गेला तो गेलाच. नवा लूम विकत मिळतो, तो काठ कुठे मिळणार? बाबा त्यानंतर वर्षभरच जगले.

माझा काठ बगळ्याचा. पाण्यात उभा असलेला बगळा, चोचीत मासा. लग्नसराईची लुगडी व्यापारी माझ्याकडूनच घेणार आहे, ते या बगळ्यासाठी. बगळा गेला तर मी पुन्हा दुसऱ्याच्या लूमवर कामाला. म्हणून या वर्षी ठरवलंय, पत्त्यांची दुसरी जोडी करून घरी ठेवायची. एकदा जळालं तेवढं पुरे झालं.

८ जानेवारी

जोडी झाली. गुलाम हुसेनने केली. पत्ते काटणारा भिवंडीत त्याच्यासारखा नाही, मूळचा उत्तरेतल्या मऊ गावाकडचा, बोलतो कमी आणि बोलला की शिकवतो. आज म्हणाला, "सेठ, इसको एक बार लूम पे चढ़ा के देखना पड़ेगा. कपड़ा निकले तब जोड़ी बोलो. अभी तो ये खाली पुठ्ठा है."

मी म्हटलं, जुने पत्ते उतरवायचे, हे चढवायचे, पुन्हा जुने चढवायचे, दोन दिवस लूम बंद ठेवू? अक्कल पाजळू नकोस. असं सुनावलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मला आवडत नाही.

जोडी गोणपाटात बांधून सायकलवर घरी आणली आणि पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवली. तुळजाला समोर उभं करून सांगितलं, "ह्ये जललं त आपन जललो. हात लावलास त हात तोडीन." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा सांगायला दुसरं कोण आहे? ती म्हणाली, "मना काय करायचंय त्याला हात लावून?"

आणि मग तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत. लग्नाला चार वर्षं झाली. मी इतका खूश झालो की काही सुचेना. बगळा काठाचं लूमवरून उतरलेलं पहिलं लुगडं मी जपून ठेवलं होतं, ते तिच्या अंगावर टाकलं. तिने तिथेच नेसून दाखवलं. चांगली दिसते माझी बायको.

१४ जानेवारी

सणाच्या दिवशी डोकं फिरलं. घरी आलो तर दाराला कडी. ही शेजारी वाण द्यायला गेलेली, आणि पेटी वर माळ्यावर. घर उघडं टाकून जायचं नाही असं सांगितलं होतं. आली तशी दोन कानाखाली दिल्या, बांगड्या फुटल्या. माझा स्वभाव तापट आहे, पण मनात काही राहत नाही. संध्याकाळी तिळगूळ मीच तिच्या हातावर ठेवला. तिने तो गिळला, चावला नाही.

२९ जानेवारी

हिरामणची बातमी लागली. हिरामण म्हणजे आमच्याच गावचा, भावकीतला. पलीकडच्या गल्लीत त्याचे बारा लूम. व्यापाऱ्याला भेटून सांगतोय की केसरीनाथला वेळेवर माल देणं झेपणार नाही, मला द्या. आणि माझे दोन कारीगर त्याने फोडले.

घरी जेवायला बसलो तर बोंबील करपलेले. ताट फेकून दिलं. ताट तिच्या खांद्याला लागलं. लागावं म्हणून फेकलं नव्हतं, पण लागलं. ती वाकून भात गोळा करत होती तेव्हा वाटलं, उचलावं आपणही. मग वाटलं, असं केलं की डोक्यावर बसतात.

११ फेब्रुवारी

आज हिशेब चुकता केला. दुपारी हिरामणच्या कारखान्यात सरळ आत शिरलो. सोबत कोणी नाही, फक्त हातात पाना. लूम चालू होते, त्या आवाजात कोणाला काही कळलं नाही. पहिल्या लूमच्या जेकार्डवर चढून पाना घातला. सुया वाकल्या, पत्ते फाटले. हिरामण धावत आला. मी त्याच्या तोंडावर दिली, नाकाचं हाड वाजलेलं मला लूमच्या आवाजातसुद्धा ऐकू आलं. त्याचे लोक धावले तोवर मी रस्त्यावर. पाठीवर एक बसली, पण ती काही नाही.

फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर लग्नातसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी आलो तर तुळजा शर्टाकडे बघत राहिली. "ह्यो रगत कोनाचा?" म्हणाली. मी म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "तो गप बसायचा न्हाय. घरावर आनाल तुमी." नवरा जिंकून आलाय आणि ही असं अभद्र बोलते. शर्टावरचं रक्त वाळायच्या आत तिलाही दिली. पाठीतच दिली, पोट सांभाळून. मी काही राक्षस नाही.

२१ फेब्रुवारी

दुपारी शिफ्ट बदलताना हिरामणची माणसं आली. वस्तऱ्याने तिसऱ्या नि चौथ्या लूमचे ताणे कापले. अख्खा ताणा, हजारो धागे, एका फटक्यात लोंबले. विठू कारीगर आडवा गेला, त्याच्या दंडावर वस्तरा ओढला. हाड दिसत होतं. विठूला टांग्यात घालून दवाखान्यात नेला. टाके पडताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, तुमच्या भांडनात माझा हात गेला." ताण्यांना गाठी मारायला आता चार दिवस जाणार.

जेकार्डच्या लूमला त्यांनी हात लावला नाही. का लावला नाही ते विचार करूनही कळत नाही. गुलाम हुसेन म्हणाला, "सेठ, अब बस करो. अगली बार पत्ते पे आएगा वो."

घरी आल्यावर तुळजाने पाणी द्यायला उशीर केला. पट्टा काढला. विठूचं हाड डोळ्यांसमोर होतं, हात थांबेचना. नंतर बाहेर ओट्यावर बसलो तर आतून पुठ्ठा जळाल्याचा वास आला. काय जाळतेस म्हणून विचारलं. "वाण्याकडचा खोका व्हता, त्यो घातला चुलीत," म्हणाली. लाकडं ओली असतील. आज चूल एकदम भडकली खरी.

१ मार्च

शुक्रवार, लूम बंद. ताण्यांच्या गाठी मारून झाल्या, तेल घातलं. उद्यापासून सगळे लूम चालतील. व्यापाऱ्याचा माणूस येऊन गेला, पाडव्यानंतर माल उचलायला सुरुवात करणार. हिरामण नाकाला पट्टी लावून फिरतोय, असं तो म्हणाला. आम्ही दोघं खूप हसलो.

४ मार्च

तुळजा अंथरुणावर. पोट राहिलं नाही. चौथा महिना होता. मला मुलगा हवा होता, नाव पण ठरवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. बायकांच्या शरीराचं काही सांगता येत नाही.

वडप्याहून सासू आली आहे, बायजाबाई. घरात वावरते पण माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते तो जमिनीवर ठेवते, हातात देत नाही. मुलगी आजारी म्हणून तिचं डोकं ठिकाणावर नसेल. मी काही मनावर घेतलं नाही.

९ मार्च

होळी झाली. बायजाबाई तुळजाला घेऊन वडप्याला गेली. आठ दिवस आराम पडेल, म्हणाली. तुळजाने बोचकं बांधलं, बगळ्याचं लुगडं नेसली. मी म्हटलं, ते कशाला नेसतेस, मळेल. तिने पदर नीट खोचला. निघताना पोटमाळ्याकडे एकदा बघितलं. मला बरं वाटलं. पेटीची तिला काळजी आहे.

२० मार्च

आठ दिवस होऊन गेले. निरोप पाठवला, उत्तर नाही. हाताने भात शिजवतोय. पाडवा तोंडावर आला आणि घरात गुढी उभारायला बाई नाही.

२६ मार्च

आज अक्षर वाकडं येतंय. राग आहे हा, भीती नव्हे.

दुपारी एकच्या सुमारास हिरामण आला. स्वतः आला, मागे दहाबारा जण, पायपा घेऊन. माझे कारीगर भिंतीला लागले. त्यांना कोणी मारलं नाही, "तुम लोग हटो" एवढंच म्हटलं. मी लूमवरचा लाकडी धोटा उचलून फेकला, एकाच्या कपाळात बसला, तो खाली पडला. मग मला चौघांनी धरलं. लूमच्या चौकटीवर माझं तोंड दाबून धरलं आणि हिरामण शांतपणे जेकार्डवर चढला. सुरीने पत्ते ओवलेली दोरी कापली. पत्त्यांची माळ खाली सरकत आली, माझ्या डोळ्यांसमोर. बाहेर गल्लीत नेऊन रॉकेल ओतलं. मला ओढत नेऊन समोर बसवलं.

हिरामण म्हणाला, "बग केसऱ्या. तुजा बगला उडला आता." त्याचं नाक अजून वाकडं आहे, म्हणून तो गेंगाणा बोलतो. सगळे हसले. गल्लीतले लोक दारं लावून आतून बघत होते.

माझी बरगडी मोडली आहे, श्वास घेताना टोचते. पण मीही मनात हसत होतो. जळू दे. घरी दुसरी जोडी आहे हे त्याला कुठे ठाऊक आहे! बाबांना जे सुचलं नाही ते मला सुचलं. उद्या सकाळी पेटी आणतो.

२७ मार्च

पेटी आणली. गुलाम हुसेनने पत्ते चढवले, मी शेजारी उभा. लूम सुरू केला. वीतभर कापड निघालं आणि त्याने लूम बंद केला.

बगळ्याला मान नव्हती. डोकं सरळ धडावर बसलेलं. पंख मध्येच कापलेला. चोचीत अर्धा मासा. एक पाय नाही. खाली पाण्याच्या रेघा तुटलेल्या. पत्त्यांची माळ पुरी फिरली की पुन्हा पहिल्यापासून तेच चित्र येतं, तसा पुन्हा तोच लुळा बगळा आला, त्याच पाच ठिकाणी तुटलेला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यानेच केलं. हिरामणला फितूर झाला. म्हणून "चढ़ा के देखो" म्हणत होता, नंतर बोट दाखवायला! हातात धोटा होता. त्याच्या कानावर मारला, लोखंडी टोकाने. तो गुडघ्यावर बसला. कानातून रक्त मानेवर आलं. मी दुसरा उगारला तेव्हा कारीगरांनी मला मागे ओढलं.

गुलाम हुसेन उठला. टॉवेल कानाला लावला. पत्त्यांची माळ उतरवून जमिनीवर पसरली आणि एका हाताने सरकवत गेला. एका जागी थांबला. "इधर देखो सेठ. यहाँ से पत्ता निकाला है, फिर दोनों सिरे बाँध दिए. ये गाँठ मेरी नहीं है. मेरी गाँठ ऐसी होती है." आपली दाखवली. मग पुढे सरकला. दुसरी तशीच. तिसरी. पाच जागी. "ये किसकी गाँठ है, मुझे नहीं मालूम. पर ये दर्जी की भी नहीं, बुनकर की भी नहीं."

मी वाकून पाहिली. मला मालूम होती. ती खाडीतल्या जाळ्याची गाठ. जाळं फाटलं की आमच्याकडे अशी मारतात, दोन वेढे आणि खालून ओढ. आई मारायची. आईने ती तुळजाला शिकवली होती.

गुलाम हुसेन हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, "इस कान से अब आवाज़ नहीं आ रही." लूमवाल्यांचे कान तसेही कामातून जातात.

२८ मार्च

दातांत फट पडली आहे, तरी लिहितो. सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी सायकल काढली, दांडीला पायप बांधली आणि वडप्याला गेलो. काय करणार होतो ते ठरवलं नव्हतं. जीव घेतला असता कदाचित. पण अख्ख्या वाटेने डोक्यात दुसरंच चालू होतं. विणलेला माल व्यापाऱ्याने पाडवा होताच उचलला, लूमवरचं कापड हिरामणने पत्त्यांबरोबर जाळलं, तेव्हा माझ्या हाताशी पुरा बगळा आता एकाच ठिकाणी आहे, तिच्या लुगड्यावर. चांगला डोळा असेल तर लुगड्याच्या काठावरून धागा धागा मोजून हरवलेले पत्ते पुन्हा काटता येतात. तिला मारायचं होतं आणि लुगडं हवं होतं. दोन्ही एकदम कसं करणार, ते कळत नव्हतं.

अंगणात बायजाबाई वाल निवडत होती. मी तोंडाला येईल ते बोललो. तिचा मुलगा रघू गोठ्यातून आला. मी पायप फिरवली, त्याच्या गुडघ्यावर बसली. तो पडता पडता माझ्या पायाला झोंबला, आम्ही दोघं शेणात. त्याने माझं डोकं धरून जोत्याच्या दगडावर आपटलं. दात तिथेच राहिला. मग तो माझ्या मोडलेल्या बरगडीवर गुडघा देऊन बसला, आणि मी ओरडलो ते गावभर ऐकू गेलं असेल. बायजाबाईने कोयता आणून माझ्या गळ्याला लावला. म्हणाली, "जावय, हललात त कापीन. मना कोन काय करनार हाय?" आवाज चढवला नाही. वाल निवडत होती त्याच आवाजात बोलली.

तुळजा दारात आली. म्हणाली, "रघ्या, सोड त्यांना. त्यांच्या खिशात काय हाय ते बगू दे."

खिशातून कापडाचा तुकडा डोकावत होता, कालच्या लुळ्या बगळ्यांचा. तिला दाखवायला म्हणूनच आणला होता. मी बसल्या बसल्या तो तिच्यापुढे टाकला. म्हटलं, "बग काय केलास. काय वाकडं केलतं मी तुजं?"

तिने तुकडा जमिनीवर पसरला, पुढ्यात उकिडवी बसली आणि बोट ठेवलं.

"ही मान. ही संक्रांतीची. मी वान द्याया गेल्ते.

"ह्यो मासा. बोंबील करपलं व्हतं, ताट मारलंत.

"ह्यो पंख. रगत कोनाचा म्हनून इचारलं.

"ह्यो पाय. पट्ट्याचा. पानी द्याया येल झाला.

"जवा जवा मारलंत तवा तवा माल्यावर गेले. हात पडंल तितले पत्ते काढलं आनि चुलीत घातलं. मंग गाठ मारून ठेवली, तुमाला दिसू नये म्हनून."

रघू, बायजाबाई, कुंपणावर जमलेल्या शेजारणी, सगळे ऐकत होते. मला वाटलं संपलं. पण तिचं बोट अजून कापडावर होतं.

"आनि ह्या पान्याच्या रेघा. ह्या जास्ती काढल्या, मूठभर. होलीच्या आदी, शनवारी. भाकर कडक झाली म्हनून लाथ घातलीत. पोटात. दोन दिस मी कोनाला बोलले न्हाय. मंग आय आली, तवर सगलं वाहून गेल्तं."

मी म्हटलं, खोटं. ते आपोआप पडलं. ती माझ्याशी वाद घालायला थांबलीच नाही. कापडाची घडी करत होती.

मग मी म्हटलं, "लुगडं दे मना. त्यावर पुरा बगला हाय. न्हायतर कारखाना बुडाला." बायजाबाई माझ्या तोंडावर थुंकली. तुळजा आत गेली. मला वाटलं आता ते पेटवूनच बाहेर आणणार. पण तिने ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं. धुतलेलं होतं.

"न्या," म्हणाली. "बगला पुरा करा. मना नको त्यो. मी येनार न्हाय, परत बोलवाया येऊ नका."

परत येताना सायकल चालवता येईना, ढकलत आलो. वाटेत रडलो. बरगडी फार दुखत होती.

३१ मार्च

गुलाम हुसेनच्या खोलीवर गेलो. दार त्याच्या बायकोने, नूरीने, अर्धंच उघडलं. मी लुगडं आणि उरलेले पत्ते पुढे केले. आतून तो म्हणाला, "रख लो." मग मला उद्देशून मोठ्याने, स्वतःला कमी ऐकू येत असल्यासारखं, म्हणाला, "सेठ, मैं तुम्हारे लिए नहीं बना रहा. लूला बगला मेरे हाथ का बोल के बाज़ार में जाएगा, वो मुझे नहीं चलेगा. चढ़ा के मैं खुद देखूँगा. तुम कारखाने में नहीं रहना उस दिन." नूरीने दार लावलं. मालकाला असं बाहेर उभं करायचं! पण गरज माझी होती.

११ एप्रिल

काठ परत आला.

सकाळभर मी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसून होतो, आपल्याच कारखान्याबाहेर चोरासारखा. दुपारी विठू बोलवायला आला, दंडाला अजून पट्टी. आत गेलो तर हातभर कापड लूमवर. मान आहे, पंख आहे, चोचीत पुरा मासा, दोन्ही पाय, खाली पाणी. तुळजाचं लुगडं बाजूला ठेवून ताडून पाहिलं. एका धाग्याचा फरक नाही. मी त्या कापडावर हात फिरवत राहिलो. बाबांची आठवण आली. त्यांचं जे गेलं ते कधी आलं नाही, माझं आलं.

गुलाम हुसेनने दोन जोड्या काटल्यात, एक लूमवर, एक बांधून ठेवलेली. दोन्ही चालवून बघितल्या. मजुरी टेबलावर ठेवायला लावली, माझ्या हातातून घेतली नाही. उद्यापासून तो कोणाकडे जातोय ते विठूला ठाऊक आहे, पण सांगत नाही.

व्यापाऱ्याला निरोप धाडला, माल मिळेल. हिरामण बसेल आता हात चोळत.

१२ एप्रिल

शुक्रवार, लूम बंद. घरीच आहे.

सकाळी गावातला एक जण सांगून गेला की रघू पंचांकडे गेलाय. सोडचिठ्ठी मागतोय बहिणीची, आणि माझ्यावर आरोप ठेवलाय, पोटातलं मूल मारल्याचा. दोन्ही गावांचे लोक बसणार आहेत. बसू देत. तुळजाकडे काय आहे? लुळ्या बगळ्याचा तुकडा आणि तोंडचं बोलणं. माझ्याकडे लेखी आहे, तारीख छापलेली. म्हणून आज ही डायरी पहिल्यापासून काढली आणि तिचं एकेक बोट ताडून पाहायला बसलो.

मान, संक्रांत. बरोबर आहे, १४ जानेवारी. मासा, २९ जानेवारीला. पंख, ११ फेब्रुवारी. पाय, २१ फेब्रुवारी. बाई खोटं बोलत नाही हे मला मान्य करायला हवं. पंचांपुढेही मान्य करीन. नवरा-बायकोत होतं असं, कोणाच्या घरात होत नाही?

पण शनिवार म्हणजे २ मार्च. ते पान कोरं आहे. मी उजेडात धरून पाहिलं. १ मार्चला मी लिहिलंय, ४ मार्चला लिहिलंय, मध्ये एक अक्षर नाही. मी इतकं सगळं लिहितो, पट्टा लिहिला, ताट लिहिलं. असं काही घडलं असतं तर मी लिहिलं नसतं का? हे पान मी पंचांपुढे उघडून ठेवणार आहे.

त्या दिवशी सगळे लूम चालू झाले होते. वीज गेली नव्हती, ताणा तुटला नव्हता, हिरामणचं कोणी आलं नव्हतं. मी खुशीतच घरी आलो असणार. विशेष काही घडलंच नसणार. भाकरी घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे गोल फिरून आडवी पडली, एवढंच आठवतं.